लपून बसलो आहे

बाईंनी ते वाक्य भाषांतरित केलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि गॅसवर दूध होतं. चौकशी कार्यालयातून आलेल्या फायलीत एकेचाळीस पानं होती. बहुतेक सगळी यंत्रांची: कुठला व्हॉल्व्ह कधी बदलला, कुठली नळी कुणी तपासली. शेवटच्या पानावर मोबाइलवरून टाकलेले चार छोटे निरोप होते. त्यातला तिसरा असा: "गॅस लीकिंग. आय अॅम होल्ड अप इन द लॅब. सेंड समवन."

बाईंनी त्याखाली लिहिलं: "गॅस गळतो आहे. मी प्रयोगशाळेत लपून बसलो आहे. कुणालातरी पाठवा."

तेवढ्यात दूध वर आलं आणि त्या उठल्या. पुरतं एक मिनिटसुद्धा लागलं नसेल त्या ओळीला.

बाईंनी एकवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर चौकशी कार्यालयाच्या भाषांतरकारांच्या यादीत नाव लागलं, पण सगळं शहर त्यांना अजून बाईच म्हणायचं. भाजीवाला, डॉक्टर, बँकेतला शिपाई, सगळे. त्यांचे यजमान नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन होते. तेही आता घरी असत आणि दिवसभर स्वतःशीच बुद्धिबळ खेळत. हरले तरी जिंकले तरी खूश.

दहा दिवसांनी सकाळी यजमानांनी पेपर उलटा घडी करून बाईंपुढे ठेवला.

"हे तुझं ते पाण्याचं प्रकरण ना?"

पहिल्या पानावर तळाला बातमी होती. मथळा ठसठशीत: 'माळी गुदमरत होता, ऑपरेटर लपून बसला होता!' आणि खाली चौकटीत, अवतरणचिन्हांमध्ये बाईंची ओळ. मी प्रयोगशाळेत लपून बसलो आहे.

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

प्रकरण सगळ्या शहराला ठाऊक होतं. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात एका मंगळवारी सकाळी क्लोरीनच्या टाकीची जोडणी सुटली होती. क्लोरीन हा जड वायू. वर जात नाही, जमिनीलगत सरपटत पसरतो आणि छातीत शिरला की फुप्फुसं जाळतो. त्या वेळी केंद्रात दोघंच होती माणसं. एक पाळीवरचा ऑपरेटर आणि दुसरा बाहेर बागेत काम करणारा म्हातारा माळी. आगीचा बंब आला तेव्हा ऑपरेटर वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत धडधाकट सापडला. दार आतून बंद, फटीत ओले टॉवेल. माळी मात्र खाली, आतल्या जिन्याच्या पायथ्याशी बेशुद्ध पडलेला. तेव्हापासून तो इस्पितळात होता. बोलता येत नव्हतं, म्हणून त्याचा जबाब झाला नव्हता. बाहेर मोकळ्या हवेत असलेला माणूस विषारी वायू भरलेल्या इमारतीत गेलाच कसा, हे कुणालाच उलगडत नव्हतं. आता पेपरने उलगडून दिलं होतं. वर बसलेल्याने त्याला थांबवलं नाही.

"बातमी खोटी नाही," यजमान म्हणाले. "तू लिहिलंस तेच छापलंय."

"तेच तर."

त्या दिवशी बाईंनी चहात दोनदा साखर घातली, धुतलेले कपडे पुन्हा भिजत टाकले आणि दुपारी खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचे तिन्ही शब्दकोश खाली काढले. धूळ उडाली. यजमान शिंकले.

'होल अप'. निरोपातलं 'होल्ड अप' हे त्याचंच रूप, होल म्हणजे बीळ. 'अप' हे त्याला शेपटासारखं लागलेलं. पहिल्या कोशात पहिलाच अर्थ होता: लपणे, विशेषतः पोलिसांपासून. बाईंनी तोच उचलला होता. पण खाली अजून होतं. बर्फात वाट बंद झाली म्हणून प्रवासी डोंगरातल्या झोपडीत 'होल अप' होतात. परीक्षेसाठी मुलगी आठ दिवस स्वतःला खोलीत कोंडून घेते, तीही 'होल अप' होते. अस्वल थंडीत होतं. दंगल पेटली तर दुकानदार शटर ओढून आत होतो. एका वाक्यात पळालेला दरोडेखोर होता आणि लगेच पुढच्या वाक्यात वादळात सापडलेलं कुटुंब. क्रियापद तेच.

"अहो, ऐका," बाई म्हणाल्या. "बिळात कोण शिरतं? शिकारी मागे लागलेला ससा शिरतो आणि थंडीने काकडलेला ससापण शिरतो. इंग्रजी माणूस दोघांना एकच शब्द लावतो. ससा चोर आहे की साव, ते त्याला शब्दातून सांगायचंच नसतं. आणि आपल्याकडे 'लपून बसला' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, काय करून आला?"

"मग 'दडी मारली' लिहायचं."

"पावसाने दडी मारली तर त्याला कुणी पकडून नेत नाही. पण माणसाने मारली तर?"

"मग 'आडोसा घेतला'. 'कोंडून घेतलं'. 'तोंड लपवलं'. अगं, किती शब्द पाहिजेत? मीच आता पोटमाळ्यावर जाऊन होल अप होतो, म्हणजे नीट अर्थ कळेल."

एरवी बाई हसल्या असत्या. त्या उठून गॅलरीत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. डोक्यात किडा शिरला होता. तीन कोशांतले नऊ अर्थ समोर होते आणि त्यांनी दुधाकडे एक डोळा ठेवून पहिला उचलला होता. वर्गात मुलांनी असं केलं असतं तर त्यांनी वहीवर लाल रेघ मारली असती. म्हटलं असतं, पुढची-मागची वाक्यं वाचलीस का रे? इथे पुढेमागे काय होतं? 'गॅस गळतो आहे' आणि 'कुणालातरी पाठवा'. लपणारा माणूस आपला पत्ता कशाला कळवेल?

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला त्या चौकशी कार्यालयात होत्या.

चौकशी अधिकारी शांत, काटेकोर माणूस होता. त्याच्या टेबलावर पाच पेन्सिली एकसारख्या टोक काढून ठेवलेल्या असत. त्याने बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं भाषांतर चुकलं?"

"चुकलं म्हणण्यापेक्षा, एक अर्थ घेतला. दुसराही होऊ शकतो."

"कुठला बरोबर?"

बाईंनी शब्दकोशातून उतरवलेला कागद पुढे सरकवला.

"बाई, मला दोन अर्थ देऊ नका. माझ्यासमोर आधीच दोन माणसं आहेत," अधिकारी म्हणाला. "आणि दुसरं असं, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय. मागच्या सुनावणीत मी त्यालाच समोर बसवून विचारलं. तुम्ही लपून बसला होतात? तो म्हणाला, हो."

"हो?"

"हो. एवढंच. पुढे एक अक्षर नाही. मी पुन्हा पुन्हा संधी दिली. खिडकी होती ना? होती. माळी दिसत होता ना? मान खाली. आता यापुढे मी काय करू?" त्याने एक पेन्सिल उचलली आणि परत तिच्या जागी ठेवली. "गुरुवारी शेवटची सुनावणी आहे. माळ्याला परवा घरी सोडतायत, तो येईल. तुम्हाला काही दुरुस्ती द्यायची असेल तर तोवर लेखी द्या. आणि कृपा करून कुठल्याही पक्षकाराला भेटू नका. भाषांतरकाराने कागदाशी बोलायचं, माणसांशी नाही."

जिना उतरताना बाईंना थोडं हलकं वाटायला हवं होतं. त्याने स्वतःच हो म्हटलं होतं, मग आपल्या माथ्यावरचा दोष उतरला. पण तसं वाटलं नाही. आपण लिहिलेली ओळ अधिकाऱ्याने पुढे ठेवल्यावर तो हो म्हणाला. ओळ दुसरी असती तर? वर्गातलं एखादं घाबरट मूल बाई जे म्हणतील त्याला हो म्हणतं, तसं हे असेल तर?

बुधवारी दुपारी त्या ऑपरेटरच्या घरी गेल्या. यजमानांनी चपला लपवायची धमकी दिली होती. "अगं, नियम आहे तो! यादीतून नाव जाईल तुझं."

"जाऊ दे."

"मी येऊ का सोबत?"

"तुम्ही आलात तर दोघांचं नाव जाईल."

"माझं कुठल्या यादीत आहे?" यजमान म्हणाले, पण बाई फाटकाबाहेर पडल्या होत्या.

घर कामगार वसाहतीत होतं, तळमजल्यावर, शेवटचं. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिशीतली, ओल्या हाताने, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"ते घरी नाहीत."

आत कुणीतरी खोकलं. दोघींनीही ते ऐकलं. बायकोने डोळे मिटून घेतले.

"मी पेपरवाली नाही," बाई म्हणाल्या. "ते वाक्य मी भाषांतरित केलं होतं. 'लपून बसलो आहे', ते माझं आहे. त्यांचं नाही."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. बाईंना वाटलं, आता ही दार तोंडावर आपटणार आणि आपल्याला ते साजेसंच आहे. पण ती बाजूला झाली.

घरात वारा सुटला होता. प्रत्येक खिडकी सताड उघडी. टेबलावरचे कागद वाट्यांखाली दाबून ठेवलेले, पडदे छताला लागत होते, सगळ्या सामानावर रस्त्याची धूळ.

"एकही बंद करू देत नाहीत," बायको हळू आवाजात म्हणाली. "परवा मी एक लावली तर अंगावर धावून आले. कधी आवाज चढवला नव्हता हो त्यांनी माझ्यावर. सासूबाई तर धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या. शेजारी बोलायचे बंद झालेत. आणि हे आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत. आठ दिवस झाले."

ऑपरेटर आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसला होता. उंच, हडकुळा, दाढी वाढलेली. बाईंना पाहून उठला. उभं राहताना त्याने खिडकीची चौकट धरली.

बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शब्दाचे अर्थ सांगितले, बर्फातले प्रवासी सांगितले, अस्वलसुद्धा सांगितलं. एकवीस वर्षांची सवय, सांगायला लागल्या की फळा नसला तरी हात हवेत लिहायला लागायचे. "तर तुम्हाला काय म्हणायचं होतं, तेवढं मला सांगा. मी आज लिहून देते. उद्या ती ओळ बदलेल."

तो पलंगावर परत बसला. वाऱ्याने दार आपटलं तसा दचकला.

"बाई, तुम्ही बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "लपलोच होतो."

"कशापासून?"

"राहू द्या ना तेच. लपलो होतो. बरं आहे तेच."

"बरं आहे? नोकरी जाईल तुमची. केस होईल."

"होऊ दे."

बाईंनी ते 'होऊ दे' मनात पुन्हा ऐकलं. त्यात त्रागा नव्हता. पाहुण्याला बसायला खुर्ची सरकवावी तितक्या सहज तो बोलला होता. बायको दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

घरी परतताना बाई दोन थांबे आधीच बसमधून उतरल्या आणि चालत राहिल्या. बसून राहणं शक्यच नव्हतं. एखाद्याला खोट्या आरोपातून सोडवायला जावं आणि त्याने आतून कडी लावून घ्यावी, तसं झालं होतं. 'बरं आहे तेच' म्हणजे काय? भित्रा म्हणवून घेणं कुणाला बरं वाटतं? ज्याच्याकडे याहून वाईट काही सांगण्यासारखं आहे, त्यालाच.

हा विचार आला आणि त्या फुटपाथवर मध्येच थांबल्या. मागून येणारा माणूस त्यांना धडकता धडकता वाचला.

संध्याकाळी त्यांनी दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली. सहा वेळा लिहिली. यजमान पट बाजूला सारून शेजारी बसले आणि प्रत्येक मसुदा मोठ्याने वाचून दाखवत राहिले. शेवटी चार ओळी राहिल्या: 'होल अप' या क्रियापदात दोषापासून लपणे आणि धोक्यापासून बचावणे हे दोन्ही अर्थ येतात. निरोपातून यापैकी कुठला हे ठरत नाही. पहिला अर्थ मी आधाराशिवाय निवडला. त्या जागी 'मी प्रयोगशाळेत दार लावून बसलो आहे' असं वाचावं.

"यात 'का' नाही," यजमान म्हणाले.

"मूळ निरोपात पण नाही. म्हणून तर."

गुरुवारी चौकशीची खोली गच्च भरली होती. भिंतीलगत बातमीदार, पुढच्या रांगेत केंद्राचे वरिष्ठ अभियंते. हे बाहेरून आलेले, त्यांना इथली भाषा येत नसे. त्यांच्यासाठीच तर ऑपरेटरला निरोप इंग्रजीत टाकावे लागत. ऑपरेटर एका टोकाला, दाढी करून, बायकोच्या शेजारी.

अधिकाऱ्याने चिठ्ठी वाचली.

"ही दुरुस्ती तुम्ही पक्षकाराला न भेटता दिली आहे, असं धरू ना?" त्याने सवयीने विचारलं. हो म्हटलं की झालं असतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी काल त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी मला सांगितलं, पहिलंच भाषांतर बरोबर आहे. तरी मी ही दुरुस्ती देते आहे. त्यांच्या सांगण्यावरून नाही, शब्दावरून देते आहे."

खोलीत कुजबुज झाली. अधिकाऱ्याचा चेहरा आंबला.

"मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं."

"हो. तुम्ही सांगितलं होतंत."

"तुमचं नाव आजपासून यादीत राहणार नाही. चिठ्ठी मात्र नोंदीवर घेतो. बसा."

बाई बसल्या. कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना वर्गाबाहेर काढलं होतं.

मग माळ्याला आणलं. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तो आला. लहानखुरा, सत्तरीचा, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची. खुर्चीत बसायला त्याला मिनिटभर लागलं. ऑपरेटरने त्याला पाहिलं आणि डोळे जमिनीत गाडले.

"माळीबुवा, बोलता येईल ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बोलता येतं. पळता येत नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"गुलाबाच्या वाफ्यात. इमारतीसमोर."

"तुम्हाला वास आला नाही? पिवळट धूर दिसला नाही?"

"साहेब, मी चाळीस वर्षं तपकीर ओढतोय. मला गुलाबाचा वास येत नाही, तिथे तुमच्या गॅसचा कुठून येणार? आणि डोळ्यांचं म्हणाल तर एकात मोतीबिंदू आहे."

"मग आत का गेलात?"

म्हाताऱ्याने मान वळवून ऑपरेटरला शोधलं. सापडल्यावर बोट दाखवलं.

"ह्याने बोलावलं म्हणून."

बातमीदारांच्या माना ऑपरेटरकडे वळल्या. ऑपरेटरच्या बायकोने नवऱ्याचा दंड पकडला.

"कसं बोलावलं?"

"वरच्या काचेतून. दोन्ही हात जोरजोरात हलवत होता. काच बडवत होता. अकराची वेळ, आमची चहाची. रोज मीच विसरतो आणि हाच हाक मारतो. मला वाटलं, चहा निवतोय म्हणून एवढा चिडलाय. मी पण हात केला, आलो आलो म्हटलं, आणि गेलो आत. चार पायऱ्या चढलो असेन. पुढचं आठवत नाही."

अधिकाऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. मग ऑपरेटरकडे वळला. या वेळी त्याने कुठलीही ओळ वाचून दाखवली नाही.

"काय झालं होतं ते तुमच्या शब्दांत सांगा."

ऑपरेटर उभा राहिला. बायकोचा हात त्याने हळूच सोडवला. मग एकदम लोंढा आल्यासारखा बोलायला लागला.

"जोडणी सुटल्याचा आवाज आला तसा मी खाली गेलो. भिंतीवर श्वसनसंच असतो, तो काढला. काटा शून्यावर. हवाच नव्हती त्यात. डोळे जळायला लागले. बाहेर पडायचं दार टाक्यांच्या खोलीला लागून आहे, तिथून जाता येईना. आम्हाला शिकवलंय, वाट नसेल तर वर जा. वर गेलो. टॉवेल ओले करून लावले, निरोप टाकला. आणि खिडकीतून पाहिलं तर माळीबुवा समोर. मी खुणा केल्या, जा, लांब जा, पळ. काच बडवली. खिडकी उघडून ओरडायला पाहिजे होतं. कडीला हात लावला होता साहेब मी. लावला आणि काढला. वाटलं, उघडली तर वायू आत येईल. तो काही एवढा वर येत नाही, मला माहीत आहे. पण तेव्हा नाही उघडली. आणि ह्याने वर पाहिलं, हात हलवला, हसला. हसला आणि दाराकडे चालायला लागला. मी आणखी जोरात बडवली, तर हा आणखी भरभर."

त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, लपला होतात का. मला वाटलं, चला, एवढंच असेल तर बरं. भित्रा तर भित्रा. पण मीच त्याला आत बोलावलं, हे कसं सांगायचं? ह्याच्या घरच्यांना कसं सांगायचं?"

बाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आपल्या त्या ओळीमागे हा माणूस आठ दिवस बसून होता आणि आपण ती ओढून काढायला निघालो होतो, हे त्यांना एकदम कळलं. आपण त्याचं भलं केलं की त्याला उघड्यावर आणलं, ते मात्र कळेना.

सुनावणी संपल्यावर बाहेरच्या लांब बोळात गर्दी झाली. बातमीदार ऑपरेटरभोवती गोळा झाले तशी म्हाताऱ्याच्या सुनेने कोपराने वाट काढली. ऑपरेटर भिंतीला पाठ लावून उभा होता. माळी त्याच्यासमोर येऊन थांबला, दम खात.

"इतका हात हलवलास," तो म्हणाला. "चहा तरी पाज आता."

ऑपरेटर मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. म्हाताऱ्याला वाकता येत नव्हतं, म्हणून त्याने नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सून तिकडे बघत नव्हती. तिचा चेहरा दगडासारखा होता. सासऱ्याच्या उशाशी तीन आठवडे बसली होती ती, आणि तिने अजून काहीही माफ केलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी अहवाल आला. ऑपरेटरवरचा 'कर्तव्य सोडून लपल्याचा' ठपका काढला होता. श्वसनसंच रिकामा कसा राहिला, याचं उत्तर मात्र तीन खाती एकमेकांकडे मागत होती. पेपरने ती बातमी सहाव्या पानावर, बोटभर दिली. ऑपरेटरला पुन्हा पाळीवर रुजू व्हायला सांगितलं, तर त्याने स्वतः अर्ज करून बाहेरचं काम मागून घेतलं.

त्यामुळे एका सकाळी पाण्याचा मीटर वाचायला तोच बाईंच्या फाटकाशी आला. उन्हाने रापला होता, अंगावर जरा मांस आलं होतं. यजमानांनी त्याला हाताला धरून आत न्यायचा प्रयत्न केला.

"या की, बसा. एक डाव खेळू. मला हरवायला दुसरा माणूस कधीचा हवाय."

"नको काका, बाहेरच बरं वाटतं." त्याने मीटरवरची धूळ पुसली, आकडा टिपला.

"माळीबुवा कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

"दर रविवारी जातो. अंगणात बसतो आम्ही. कलमं कशी बांधायची ते शिकवतात मला. सून अजून बोलत नाही. पाणी आणून ठेवते, न बघता." तो थांबला. "बाई, माळीबुवांना एक विचारायचंय. दर वेळी ठरवून जातो. राग येतो का हो माझा, एवढंच. तोंडाशी येतं आणि मी म्हणतो, ही फांदी इथून कापू का?"

"मी येऊ का तुमच्याबरोबर?"

तो विचारात पडला. बोटांनी फाटकाची कडी वरखाली करत राहिला.

"नको," तो शेवटी म्हणाला. "हे मलाच विचारायला पाहिजे."

मग त्याने वही काखेत मारली आणि पुढच्या घराकडे निघाला, भरभर, मागे कुणी लागल्यासारखा. बाई फाटकात उभ्या राहून तो वळणापर्यंत जाताना पाहत राहिल्या. आज वार कुठला, त्यांनी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, शनिवार.